लॉन खताने जळालं तर काय करायचं, आणि मुळात जळू नये म्हणून काय करायचं

आमच्या नाशिकच्या घरासमोर साधारण ४०० स्क्वेअर फुटांचं लॉन आहे, मेक्सिकन ग्रास, खाली भरावाची काळी माती. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नणंदेच्या मुलीचं केळवण आमच्याकडे ठरलं, लॉन जरा पिवळट दिसत होतं म्हणून मी दहा दिवस आधी युरिया आणला आणि मुठीमुठीने फेकला. दीड किलो तरी गेला असेल. मग पाइपने वरवर पाणी मारलं, पानं ओली झाली एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जसा हात फिरला होता तसे तपकिरी पट्टे, आणि गेटजवळ पिशवी टेकवून ठेवली होती तिथे ताटाएवढा गोल पूर्ण वाळलेला. माळीकाका आले, वाकून एक काडी उपटून बघितली आणि म्हणाले, "ताई, खत लागलंय. आता नुसतं पाणी द्या, दुसरं काही टाकू नका." सल्ला अगदी बरोबर होता, पण किती पाणी, कसं, किती दिवस, आणि कुठे आशा सोडून नवीन गवत लावायचं हे मी नंतर करत करत शिकले. ते सगळं इथे लिहिते, कारण दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचा तरी असाच जळलेल्या लॉनचा फोटो येतोच.

आधी जळणं म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. बहुतेक रासायनिक खतं रासायनिक अर्थाने मीठच असतात, आणि युरिया मीठ नसला तरी मातीतल्या पाण्यात विरघळून तसाच वागतो. पापडाच्या पिठात मीठ जास्त झालं की पाणी सुटतं तसंच मातीत होतं, मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की मुळांना पाणी आत ओढता येत नाही, उलट मुळांतलंच बाहेर यायला लागतं. म्हणजे माती ओली असते आणि गवत तहानेने मरत असतं. म्हणून आधी पानाचं टोक वाळतं, मग कडा, मग पूर्ण पान, कारण पाणी सगळ्यात शेवटी पोचतं ते टोकाला. युरियाचं अजून एक आहे, मातीत गेला की त्याचा अमोनिया होतो, आणि आपल्याकडच्या काळ्या चुनखडीच्या मातीचा सामू (pH) आधीच साडेसात-आठच्या आसपास, त्यात ऊन, त्यामुळे हा अमोनिया वायू होऊन वर येतो. कोवळ्या मुळांना आणि पानांना तोही भाजतो.

कुठलं खत किती खारट याचा एक निर्देशांक असतो, त्यात सोडियम नायट्रेट १०० धरतात. त्या हिशोबाने म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे लाल पोटॅश ११६ च्या आसपास, युरिया ७५, अमोनियम सल्फेट ६९, सल्फेट ऑफ पोटॅश ४६, डीएपी ३४ आणि सिंगल सुपर फॉस्फेट फक्त ८. हे आकडे वजनाला वजन धरून आहेत, पण लॉनवर लाल पोटॅश का टाकू नये आणि पोटॅश द्यायचंच असेल तर सल्फेटवालं का घ्यावं हे यावरून लगेच कळतं.

खरंच खतानेच जळलंय का?

हे बघितल्याशिवाय काहीच करू नका. खताचं जळणं साधारण एक ते तीन दिवसांत दिसतं, कधी आठवडाही लागतो, आणि त्याला आकार असतो. हाताने फेकलं असेल तर पट्टे, सांडलं असेल तर गोल, आणि बरेचदा त्या डागाच्या कडेने गवत उलट जास्त गर्द हिरवं, कारण तिथे खत बेताचं पोचलं. कुत्र्याच्या लघवीचा डाग हुबेहूब असाच दिसतो, कारण तिथेही युरिया आणि क्षारच असतात, त्यामुळे त्याचा उपायही हाच.

पाणी कमी पडलं असेल तर गवत आधी निळसर-राखाडी होतं आणि चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहतात. बुरशी असेल तर सकाळी दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात आणि डाग रोज थोडा थोडा वाढतो, खताचा डाग मात्र तीनचार दिवसांत जेवढा व्हायचा तेवढा होऊन थांबतो. आणि हुमणी असेल तर गवत मूठभर धरून ओढा, चटईसारखं सुटून हातात येतं, खाली पांढऱ्या अळ्या दिसतात. हुमणीला पाणी ओतत बसून काही होणार नाही, म्हणून ही ओढून बघायची परीक्षा आधी करा.

मग जिवंत किती आहे ते बघायचं. डागाच्या मधून एक काडी मुळासकट काढा आणि जिथून पानं फुटतात तो जमिनीलगतचा गड्डा नखाने चिरा. आत पांढरं-हिरवट आणि टणक असेल तर पान कितीही वाळलेलं असो, ते परत फुटणार. तपकिरी, कोरडं किंवा लिबलिबीत असेल तर ते गेलं. पाच-सहा ठिकाणी बघा, एका काडीवरून ठरवू नका. माळीकाकांनी त्या दिवशी वाकून हेच बघितलं होतं.

पहिल्या दिवशी

दाणे अजून वर दिसत असतील तर पाणी मारायची घाई करू नका, आधी ते उचला. मऊ झाडू आणि सुपलीने, पानात अडकलेले असतील तर व्हॅक्यूम क्लीनरने. एका जागी मूठभर युरिया सांडलाय आणि त्यावर पाणी ओतलं तर तो सगळा तिथेच विरघळून खाली जातो आणि मग तो धुऊन काढायला खूपच जास्त पाणी लागतं. दाणे विरघळून गेले असतील तर अर्थात थेट पाणी.

आता पाणी किती. लोक म्हणतात भरपूर द्या, पण भरपूर म्हणजे किती ते कुणी सांगत नाही, म्हणून मी मोजते. जमिनीवर एक इंच पाणी उभं राहील एवढं म्हणजे १०० स्क्वेअर फुटांना सुमारे २३५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या साधारण १६ बादल्या. आपल्या पाइपने एक बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. मिनिटाला एक बादली भरत असेल तर १०० स्क्वेअर फुटांना १६ मिनिटं पाइप चालला पाहिजे. मी त्या संध्याकाळी अख्ख्या लॉनला पाच मिनिटं पाणी मारलं होतं, म्हणजे खत मुळाशी पोचायलाही ते कमी पडलं, धुतलं जाणं तर लांबच.

जळलेल्या भागाला पहिल्या दिवशी एक इंच, दुसऱ्या दिवशी परत एक इंच, मग पुढचा आठवडाभर दिवसाआड अर्धा इंच. पण काळी माती एवढं पाणी एकदम पीत नाही, वर तळं साचतं आणि मुळं गुदमरतात, किंवा पाणी वाहून जातं आणि खारट पाणी शेजारच्या चांगल्या गवतात जाऊन बसतं. म्हणून पाणी साचायला लागलं की थांबायचं, अर्धा तास जाऊ द्यायचा, परत द्यायचं. तीन-चार फेऱ्यांत एक इंच पूर्ण करायचा. मुरूम किंवा वाळू मिसळलेली लाल माती असेल तर हा त्रास नाही, सरळ एकदाच द्या. माती फारच आवळलेली असेल तर बागेच्या काट्याने सहा-सहा इंचांवर तीन-चार इंच खोल भोकं पाडून घ्या, पण ती चांगल्या कडेपासून पाडायला सुरुवात करा, मेलेल्या जागेवर नाचू नका. दुसरा इंच देण्याआधी बोट खुपसून बघा, खाली चिखल लागत असेल तर एक दिवस थांबा.

एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते हे मलाही माहीत आहे, ४०० फुटांना एक इंच म्हणजे जवळजवळ हजार लिटरची टाकी. म्हणून अख्ख्या लॉनला नको, फक्त डागांना आणि त्यांच्या भोवती फूटभर द्या, आमच्याकडे ते साधारण ८० फुटांचं काम निघालं. एसीचं ठिबकणारं पाणी साठवून वापरा, त्यात क्षार जवळपास नसतात, छोट्या डागाला ते उत्तम. आणि एक चूक अजिबात करू नका, आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी इथे ओतू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने लोक ते बागेत सोडतात, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, म्हणजे मीठ धुवायला आपण मीठच घालतो.

फवारणी जास्त कडक झाल्यामुळे जळलं असेल, म्हणजे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) सारखं विरघळणारं खत अंदाजाने पाण्यात कालवून मारलं असेल, तर लक्षात आल्या आल्या पानं धुऊन काढा, तिथे मुळांपेक्षा पानावरचं खत घालवणं महत्त्वाचं.

पुढचे दोन-तीन आठवडे काय करायचं नाही

कापायचं नाही, निदान दहा दिवस. पान उरलं असेल तेवढंच आता त्या गवताचं स्वयंपाकघर आहे. नंतरही मशीन थोडं उंच ठेवून कापा. तणनाशक नाही, कीटकनाशक नाही, आणि "ताकद यावी म्हणून" दुसरं कुठलंही खत नाही, सेंद्रियसुद्धा नाही. चुना टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आपली माती आधीच त्या बाजूला झुकलेली आहे. जिप्समबद्दल बरंच बोललं जातं, जिप्सम कामाचं आहे ते मातीत सोडियम साचला असेल तेव्हा, म्हणजे खाऱ्या बोअरच्या पाण्यामुळे माती चोपण झाली असेल तेव्हा. युरियाचं जास्तीचं मीठ जिप्समने निघत नाही, ते फक्त पाण्याने निघतं.

आणि हे फार महत्त्वाचं, कापलेलं गवत जवळच्या कुणाच्या गाईला घालायची सवय असेल तर युरिया टाकल्यावर आणि जळाल्यावर ते घालू नका. जनावराच्या पोटात युरिया जास्त गेला तर विषबाधा होते. खताची पिशवीही कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका.

टोकंच करपली असतील तर दोन-तीन आठवड्यांत नवीन पान वर येतं आणि डाग दिसेनासा होतो. हरळीचं लॉन असेल, म्हणजे नर्सरीत ज्याला सिलेक्शन वन म्हणतात तेसुद्धा हरळीच, तर ते फार चिवट, जमिनीखालच्या आडव्या खोडांतून परत येतं, गरमीच्या दिवसांत महिना-दीड महिन्यात मोकळी जागाही भरून काढतं. मेक्सिकन किंवा कोरियन कार्पेट मात्र हळू वाढणारं, ताटाएवढी जागा भरायला त्याला कित्येक महिने लागतात. म्हणून त्यात मोठा डाग मेला असेल तर वाट बघू नका, ठिगळ लावा.

मेलेल्या जागी नवीन गवत

तीन आठवड्यांनी गड्डे परत चिरून बघा, जिथे खरंच काही उरलं नाही ती जागा ठरवा. वाळलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा, पिशवी सांडली होती तशी जागा असेल तर वरची दोन-तीन इंच माती खरवडून फेकून द्या, त्यात अजून खत असू शकतं. तिथे चाळलेली माती, जाडसर वाळू आणि चांगलं जुनं गांडूळखत, साधारण दोन-एक-एक भाग, असं भरा आणि दाबून कडेच्या मातीशी पातळी जुळवा. एकदा भरपूर पाणी देऊन दोन दिवस बसू द्या, खड्डा पडला तर परत भरा. हे न करता ठिगळ लावलं तर पावसाळ्यात तिथे खळगा होतो आणि मशीनचं पातं नेमकं तिथेच घासतं.

हरळी असेल तर विकत काही आणायची गरज नाही, लॉनच्याच कडेचे धागे खणून काढा, तीन-चार डोळे असलेले तुकडे करा आणि चार-चार इंचांवर टोचा. मेक्सिकनला नर्सरीतून कार्पेटचा तुकडा आणा, भोकाच्या आकाराचा धारदार सुरीने कापा, कडेला फट राहू देऊ नका, पायाने नाही तर फळी ठेवून त्यावर उभं राहून दाबा. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी. जून-जुलै याला सगळ्यात चांगला काळ. आमची मोठी ठिगळं मी पहिला पाऊस झाल्यावरच लावली, केळवणाच्या दिवशी त्या जागेवर कुंड्या मांडल्या होत्या.

परत होऊ नये म्हणून

हिशोब सोपा आहे. विरघळणारा नत्र एका वेळी १ चौरस मीटरला ५ ग्रॅमच्या वर देऊ नये. युरियात नत्र ४६ टक्के असतो आणि १०० स्क्वेअर फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, त्यामुळे गंमत अशी जुळून येते की १०० फुटांना १०० ग्रॅम युरिया ही वरची मर्यादा. फूट तेवढे ग्रॅम. माझ्या ४०० फुटांना जास्तीत जास्त ४०० ग्रॅम, आणि मी दीड किलो टाकला होता. त्यातही मी सांगेन की घरच्या लॉनला याच्या अर्धाच डोस द्या, म्हणजे १०० फुटांना ५० ग्रॅम, आणि हवं तर महिन्याने परत. अमोनियम सल्फेट असेल तर १०० फुटांना मर्यादा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, १९:१९:१९ ला अडीचशे ग्रॅमच्या आत, १५:१५:१५ ला तीनशे, आणि यातही सुरक्षित डोस अर्धाच. लॉन टेपने मोजा, झाडाचे आळे आणि फरशी वजा करा, आणि खत स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, पण भांडं वेगळं ठेवा. मूठ हे माप नाही, माझी मूठ आणि माळीकाकांची मूठ यात दुप्पट फरक निघाला.

नर्सरीत लेबल नसलेल्या पुडीत "लॉनचं खत" मिळतं, ते नत्र-स्फुरद-पालाश किती आहे हे सांगत नसतील तर घेऊच नका.

टाकायची पद्धत. कापल्यावर एक-दोन दिवसांनी, आदल्या दिवशी पाणी देऊन माती ओलसर ठेवायची पण टाकताना पानं कोरडी हवीत, ओल्या पानाला दाणे चिकटतात आणि तिथेच भाजतात. मोजलेला युरिया त्याच्या आठ-दहा पट कोरड्या वाळूत नीट कालवायचा. पावसाळ्यात युरिया ओल धरतो आणि त्याचे गोळे होतात, ते फोडून चाळून घ्या, कारण एक गोळा म्हणजे एक डाग. मग कालवलेल्याचे दोन भाग करा, एक भाग उभा चालत टाका आणि दुसरा आडवा चालत, म्हणजे हात कुठे जड पडला तरी तो दुसऱ्या फेरीत सावरला जातो. पिशवी, बादली, मशीन सगळं भरायचं ते फरशीवर, लॉनवर नाही. आणि टाकल्यावर लगेच, चहा घेऊन येते असं न म्हणता लगेच पाणी, अर्धा इंच, म्हणजे वरच्या हिशोबाने १०० फुटांना आठ बादल्या. वेळ उन्हं उतरल्यावरची.

एप्रिल-मेच्या उन्हात युरिया नकोच. पाऊस लागून जमीन भिजली की जूनच्या शेवटी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत, एवढं घरच्या लॉनला पुरतं. धो धो पावसाच्या आधीही नको, सगळं गटारात जातं. नवीन घातलेल्या लॉनला पहिला महिना काहीच देऊ नका.

शेणखताने जळत नाही हा समज चुकीचा आहे. ताजं शेण आणि त्याहून जास्त कोंबडीखत हे गरम असतं, आणि कच्च्या शेणखतातून हुमणी आणि गाजरगवत फुकट येतं ते वेगळंच. पूर्ण कुजलेलं खत हातात घेतलं की मातीसारखं लागतं, वास येत नाही, ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही. चाळून, पातळ थर द्या, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. ज्यांना मोजमापाची भीती वाटते त्यांनी १०० फुटांना किलोभर निंबोळी पेंड किंवा चार-पाच किलो गांडूळखत द्यावं, हिरवं व्हायला वेळ लागतो पण जळायची भीती जवळपास नाही.

आता ज्या पिवळेपणामुळे माझं हे सगळं झालं त्याबद्दल. काळ्या चुनखडीच्या मातीत गवत पिवळं पडतं ते बरेचदा नत्र कमी म्हणून नाही, तर लोह मिळत नाही म्हणून. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. लोह कमी असेल तर वरची नवीन पानं पिवळी आणि त्यातल्या रेषा हिरव्या. दुसऱ्या प्रकाराला कितीही युरिया घाला, फरक पडत नाही, मग माणूस अजून घालतो. त्याला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याभरात रंग बदलतो. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात ते जात नाहीत, म्हणून कडेला ओली गोणपाटं टाका. माझ्या लॉनला त्या एप्रिलमध्ये हेच हवं होतं.

शेवटचं पाण्याचं. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या छोट्या यंत्राने, एकदा बघा. लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त, त्याच्या वर काळजीने, आणि २००० च्या वर असेल तर तुमच्या मातीत मीठ आधीच साचत आलेलं आहे, तिथे खताचा अर्धा डोसही अजून अर्धा करा आणि पावसाळ्यात माती धुतली गेल्यावरच द्या. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करून लॉनला सोडत असतील तर तेही मोजून घ्या, त्यात क्षारांबरोबर नत्रही असतो.

जळून गेलेल्या लॉनला परत खत कधी, तर निदान दीड-दोन महिन्यांनी, तेही ठिगळं मुळं धरून बसल्यावर, हलकं ओढून बघितलं तर उचलली जात नाहीत ना हे तपासून, आणि १०० फुटांना २५ ग्रॅम युरियाने सुरुवात करून. मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिलं, ४०० फुटांना १०० ग्रॅम, एक किलो वाळूत कालवून, आणि मग बादल्या मोजत पाणी.